फोटोबायची काच

माझी आणि फोटोबायची ओळख झाली ती तिने भर मांडवात माझी अब्रू काढली तेव्हा. विचुंब्याला एका मित्राच्या भावाची हळद होती. कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून मी नुकताच लग्नाच्या फोटोंच्या धंद्यात उतरलो होतो. गळ्यात नवा कोरा कॅमेरा, अंगात नवा कोरा माज. तेवढ्यात डीजेच्या दणदणाटातून वाट काढत पन्नाशीची एक बाई सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, गळ्यात दोन कॅमेरे, पायात पोराचे असावेत असे स्पोर्ट शूज. तिने वाकून माझ्या लेन्समध्ये पाहिलं आणि डीजेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नागडी हाय रं तुजी."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला. मी सोडून सगळ्यांना फार हसू आलं. मी काही बोलायच्या आत तिने कमरेच्या बटव्यातून एक गोल काच काढली, फुंकर मारली आणि बाटलीचं झाकण लावावं तशी माझ्या लेन्सवर फिरवून बसवून टाकली. ना ओळख, ना पाळख. मी ती काढायला हात लावला तर हातावर चापट बसली. आणि दैव बघा, दहा मिनिटांत नवऱ्याच्या मामाने उधळलेली मूठभर हळद, तीही तेलातली, थेट माझ्या कॅमेऱ्यावर. बाईने शांतपणे येऊन काच फिरवून काढली, दुसरी लावली, आणि पिवळी झालेली काच माझ्या नाकासमोर नाचवत निघून गेली. पुढच्या आठवड्यात मी तिच्या स्टुडिओत कामाला लागलो.

फोटोबाय हे तिचं नाव नव्हे. पण पनवेलपासून उरणपर्यंतच्या गावांत दुसरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि एकदा बँकेत खरं नाव पुकारलं तेव्हा ती स्वतःच उठली नव्हती म्हणे. स्टुडिओ मुळात तिच्या नवऱ्याचा. तो अचानक गेला तेव्हा पोरगा रूपेश चौथीत. लग्नसराई तोंडावर, लोकांच्या तारखा घेतलेल्या. दहावं-बारावं झालं आणि हिने नवऱ्याचा कॅमेरा गळ्यात घातला तो घातलाच. पहिल्या लग्नात म्हणे अर्ध्या फोटोंत वरातीच्या घोड्याचं फक्त शेपूट आलं होतं. पण कॅमेरा एकच आणि लेन्स एकच, ती फुटली तर दुसरी आणणार कोण, म्हणून काच मात्र पहिल्या दिवसापासून. मी तिला सुरुवातीला 'अहो बाय, तुम्ही' करायचो. ती म्हणाली, मी काय तुझी मास्तरीण आहे का, बाय म्हण नि तू म्हण. मला मात्र ती शेवटपर्यंत 'इंजिनेर' म्हणाली, आणि त्यात आदर किती नि टोमणा किती हे मला कधी वेगळं करता आलं नाही.

तर काच. लेन्सच्या तोंडावर लावायचा फिल्टर, जो फोटोत काहीच करत नाही, फक्त पुढे उभा राहून मार खातो. आमच्या धंद्यात यावरून दोन धर्म आहेत. एक म्हणतो लावा, दुसरा म्हणतो लावू नका, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. मी कट्टर दुसऱ्या धर्मातला. मी तिला सांगायचो, बाय, लेन्स बनवणाऱ्यांनी डोकं चालवून एकावर एक काचा बसवल्यात, तू त्यांच्यापुढे बाजारातला तुकडा लावतेस. म्हणजे पैठणी नेसायची आणि वरून गोणपाट पांघरायचं.

"पावसात पैठनी नेसून तू जा," ती म्हणायची, "मी गोनपाट घेते."

हा वाद आम्ही रोज घालायचो. कधी चहाबरोबर, कधी चहाच्या आधी. मी म्हणायचो, मग वडापावलाही काच लाव. ती म्हणायची, त्याला कागद असतो. मी म्हणायचो, लेन्सच्या तोंडाला प्लास्टिकचं कडं असतं ना, लेन्सहूड, ते लाव, आपटलं तर तेच वाचवतं. ती म्हणायची, हळद काय आपटून येते का, ती उडून येते. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर त्यालाही वादात ओढायची. एक बिचारा पासपोर्ट फोटोसाठी आला होता, आमचं ऐकून ऐकून त्याचा चेहरा इतका गोंधळला की फोटो तीनदा काढावा लागला.

करंज्याच्या बंदरावर तर तिने मला पुरतं लोळवलं. लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. नवरी कोळ्यांची, तिला आपल्या बापाच्या होडीवरच फोटो हवे. आम्ही धक्क्यावर, पोरगी होडीवर लाजतेय, आणि शेजारच्या होडीवरच्या बाईने मासळीची पाटी धुऊन ते पाणी बेधडक आमच्या बाजूला फेकलं. माझ्या लेन्सवर खवलं, फोटोबायच्या काचेवर खवलं. मी रुमालाने, फुंकरीने, मग लेन्स पुसायच्या खास कागदाने हळूहळू टिपत बसलो. ती सरळ धक्क्यावरच्या नळाखाली गेली, काच काढली, भांड्यांच्या साबणाने खसाखसा घासली, पदराला पुसली, लावली, आणि मला मोठ्या मायेने विचारलं की तुझी लेन्स नळाखाली धरू का. होडीवरचे खलाशी अक्षरशः लोळून हसले.

पण माझाही दिवस आला. एका लग्नात स्टेजच्या मागे नवऱ्याकडच्यांनी डोळे दिपवणाऱ्या दिव्यांची भिंत उभी केली होती. असे दिवे समोरून आले की काचेच्या आत उजेड इकडून तिकडे उड्या मारतो आणि फोटोत भलतीकडे हिरवे टिपके पडतात. फोटोबायच्या प्रत्येक फोटोत एक हिरवा टिपका नेमका नवऱ्याच्या कपाळावर. मी नाचायचाच बाकी होतो. म्हटलं, आता सांग, कुठे गेलं तुझं गोणपाट. तेवढ्यात नवऱ्याचा काका स्टुडिओत अल्बम बघायला आला, टिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, हे काय. फोटोबायने डोळे मिटून दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, कुलदेवी पावली रे तुमच्या घराला. काका गहिवरला. त्याने तो फोटो मोठा करून मागितला, आणि त्या घरात तो आजही देव्हाऱ्याशेजारी आहे. पण त्या दिवशी काका घरी निघून गेल्यावर फोटोबाय त्या टिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली.

तिची आणखी एक सवय होती, आणि ती समजायला मला फार उशीर लागला. हळदीत बायका नवऱ्याला हळद लावायला एकेक करून पुढे जातात. कुणीतरी हमखास ओरडायचं, फोटोबाय, तू पण ये, लाव. ती लगेच कॅमेरा डोळ्याला लावायची आणि म्हणायची, "हात अडकलेत गो." मला वाटायचं, काय कामाची बाई आहे, एक क्षण सोडत नाही. मी घरी आईला कौतुकाने सांगितलं. आई म्हणाली, अरे शहाण्या, विधवा ना ती. मग मी बघायला लागलो. प्रत्येक मांडवात मागच्या खुर्च्यांवर तशा बायका बसलेल्याच असतात. कुणी त्यांना मागे बसा म्हणत नाही. त्या आपल्या आपणच बसतात. फोटोबाय तेवढी उभी असायची, कारण तिच्या हातात कॅमेरा होता.

मग रूपेशचं लग्न ठरलं, आणि घोडं नेमकं इथेच अडलं. फोटोबायने जाहीर केलं की हळदीचे फोटो ती स्वतः काढणार. रूपेश म्हणाला, आई, इंजिनेर मेलाय का, तू वरमाय आहेस, फोटो तो काढेल, तू मला हळद लाव. ती म्हणाली ते सवाष्णींचं काम, तुझी काकी लावेल. तो चिडला, जेवण सोडलं, मग भूक लागल्यावर आणखी चिडला. दिराने येऊन सांगितलं की वहिनी, आमच्यातलं कुणी काही म्हणणार नाही. जावा म्हणाल्या, लाव गो बाय. कुणाचीही आडकाठी नव्हती. आडकाठी तिची तिलाच होती. स्टुडिओत आम्ही दोघंच असताना मीही माझं शहाणपण पाजळलं, की जग कुठल्या कुठे गेलं बाय, हे कोण मानतं आता.

ती लेन्स पुसत होती. पुसता पुसता थांबली. म्हणाली, "तुजं जग गेलं असंल. माज्या पोराला उद्या नुस्ती शिंक आली ना, तरी मी म्हनन माज्या हातानं झालं. मना तसं जगता येनार नाय."

खरं सांगतो, मला तिचा राग आला. चौथीपासून ज्या पोराला एकटीने वाढवलं, त्याच्या गालाला एक बोट हळद लावायला ही बाई घाबरते, आणि तेही कुणी अडवत नसताना. रूपेश तर मला रोज फोन करायचा की काहीतरी कर, तुझं ती ऐकते. ती माझं कधी ऐकायची हे त्यालाच माहीत.

हळदीच्या दिवशी दुपारपासून दारात मांडव गजबजला. मी पोचलो तेव्हा फोटोबाय नव्या साडीत, तेच स्पोर्ट शूज घालून, खांबाला टेकून कॅमेरा तयार करत होती. मी जवळ गेलो आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. लेन्सवर काच नव्हती. जन्मात पहिल्यांदा. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली की मांडवाच्या या झगमगत्या दिव्यांत माझ्या पोराच्या कपाळावर हिरवा टिपका नको, बाकी जगाला देवी पावू दे, मला फोटो साफ हवा. मी जिंकलो होतो, आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही. तिला फोटोच काढायचा होता, हे त्यातून पक्कं झालं होतं.

आता हिराबाय. आमच्याकडे गावातल्या लग्नात भटजी असतात, पण त्यांच्याआधी शब्द चालतो तो धवलारणीचा. जुनी लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणत म्हणत सगळे विधी तीच करवून घेते, आणि ती सांगेल ते रीत. हिराबाय ही तशी धवलारीण. अंगाने काटकुळी, आवाज भोंग्याचा. भल्याभल्या बिल्डरांना तिने पाटावर मुकाट बसवलेलं मी पाहिलंय. तिने नवऱ्याच्या आधी घरातल्या वस्तूंना हळद लावायला घेतली. जात्याला लावली, मुसळाला लावली, उंबऱ्याला लावली. आणि मग गाणं मध्येच थांबवून विचारलं, या घराने एवढी वर्षं कशावर खाल्लं? "कॅमेऱ्यावर ना?" ती म्हणाली. "मंग तो इकरं आना."

फोटोबाय कौतुकाने पुढे आली. तिला वाटलं कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक बोट लागेल. दसऱ्याला आपण लावतोच. तिने कॅमेरा दोन्ही हातांनी पुढे धरला, आणि हिराबायने तेलात कालवलेल्या हळदीत बुडवलेला अख्खा पंजा थपकन लेन्सच्या उघड्या काचेवर मारला.

तसली किंकाळी मी त्याआधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. डीजेवाल्याने घाबरून गाणं बंद केलं. फोटोबायने कसलाही विचार केला नाही. आयुष्यभर काच जपणारी बाई ती, विचार करायला तिला वेळच नव्हता. तिने उजव्या तळव्याने लेन्स पुसली, मग डाव्या तळव्याने पुसली, आणि मग पदराचं टोक धरायला हात खाली नेला तर तो मनगटात पकडलेला होता.

"पुसलीस ती पुसलीस," हिराबाय म्हणाली. "आता ती हलद फडक्याला नाय पुसाची. भुईवर नाय झटकाची. मुसलावरची उतरलेली हलद कुनाला लावतात गो बायांनो?"

"नवऱ्याला," सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या.

अशी रीत खरोखर आहे, की हिराबायने ती तिथल्या तिथे पैदा केली, मला आजतागायत कळलेलं नाही. मी मागून दोन-तीन गावांत विचारून आलो. कुणी हो म्हणतं, कुणी हसतं. हिराबायला विचारलं तर तिने मलाच विचारलं की धवलारीण तू की मी. पण त्या क्षणी फोटोबायची पुरती कोंडी झाली होती. दोन्ही तळवे पिवळेधमक. पुसता येत नाहीत, झटकता येत नाहीत, आणि कॅमेरा डोळ्याला लावायची तर सोयच राहिली नव्हती. पाटावर रूपेश उघड्या अंगाने बसला होता. त्याने मान वाकडी करून गाल पुढे केला, लहान पोरं तोंड धुवून घ्यायला करतात तसा.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने हिराबायकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. "इंजिनेर," ती म्हणाली, "कॅमेरा धर." तिने तो गळ्यातून काढला. मला तिचा गळा इतका मोकळा कधी पाहिल्याचं आठवत नाही.

आणि मग ती जी सुटली. आधी एका गालाला बोट लावलं. आभाळ कोसळलं नाही. मग पूर्ण तळवा, मग दुसरा गाल, कपाळ, नाक, कानांच्या मागे, मान, खांदे. पोराला आंघोळ घालावी तशी ती त्याला हळदीने घासत सुटली. रूपेश रडतही होता, ओरडतही होता की आई डोळ्यात गेली. तळव्यावरची संपली तेव्हा तिने हिराबायच्या हातातली परातच ओढून घेतली. डीजेवाल्याला शुद्ध आली. त्याने जे गाणं लावलं ते लग्नाचं होतं की निवडणुकीचं, कुणी विचारलं नाही. फोटोबाय नाचली. स्पोर्ट शूज का घालायची ते मला तेव्हा कळलं. मग ती मागच्या रांगेकडे गेली आणि तिची थोरली विधवा जाऊ, जी लग्नाला यायलाच तयार नव्हती, तिला हाताला धरून खेचून पाटापाशी घेऊन आली. तिच्या मागून आणखी एक उठली. मग मांडवात मागची रांग म्हणून राहिलीच नाही, नुसत्या रिकाम्या खुर्च्या. नवऱ्याचा रंग ओळखू येईना. मी हसत होतो की रडत होतो ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्याही तोंडावर कुणीतरी पसाभर हळद मारली होती.

फोटो? काढले की. तिच्याच कॅमेऱ्याने, त्याच तेलकट लेन्समधून, धडाधड. पुसायला मला कुठली उसंत. सगळ्या फोटोंवर पिवळं धुकं, माणसं ओळखायची तर साडीवरून. दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत ते बघत बसली आणि मोठ्या समाधानाने म्हणाली की बघ, काच लावली असती तर फोटो असे आले नसते.

मी म्हटलं, बाय, काच लावली असती तर हिराबायने हळद मारल्यावर तू काय केलं असतंस? ती म्हणाली, काय करणार, काढली असती, दुसरी लावली असती. मी म्हटलं, आणि हाताला हळद?

ती बोलायला गेली आणि थांबली. तोंड उघडंच राहिलं. मग तिला इतकं हसू लोटलं की खुर्ची मागे सरकली. "मंजे तुजं खरं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत एकदाच. संध्याकाळपर्यंत तिने घासूनपुसून लेन्स लख्ख केली, वर दोन काचा चढवल्या, आणि दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्यानंतर ती हळदीला गेली की कॅमेरा आधी माझ्या गळ्यात टाकायची, पुढे जाऊन नवऱ्याला दोन बोटं लावायची आणि हात धुऊन परत यायची. मागच्या रांगेतल्या बायकांना जाता येता टोकायची, बसता काय, पाय मोडलेत का तुमचे. रूपेशला त्या वर्षी शिंका भरपूर आल्या. प्रत्येक शिंकेला तो मुद्दाम तिच्यासमोर येऊन शिंकायचा आणि ती त्याला लाटणं घेऊन मारायला धावायची. नात झाली तेव्हा तिने पाळण्यावर मच्छरदाणी लावली आणि मला बजावलं की ही काच कुणी काढायची नाही.

गेल्या वर्षी फोटोबाय गेली. फार दिवस पडून राहिली नाही. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात संपलं. रूपेशच्या हळदीचा मांडव पडला होता त्याच दारात तिला खाली ठेवलं होतं. गाव लोटलं होतं. तिने ज्यांची लग्नं टिपली ती जोडपी पोरंबाळं घेऊन उभी होती. बायका तयारी करत होत्या. सवाष्ण असती तर हळदकुंकू, हिरवा चुडा, मळवट. ही विधवा. तिच्यासाठी नुसतं पाणी आणि पांढरी साडी. धाकटी जाऊ हळदीकुंकवाच्या करंड्याकडे बघत होती, पण हात लावायचं धाडस तिला होत नव्हतं. रूपेश खाली मान घालून बसला होता. मला सगळ्यांना ओरडून विचारावंसं वाटलं, की हिने भर मांडवात लावलेली हळद विसरलात का.

हिराबाय काठी टेकत आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. पदराखालून वाटी काढली, तेलात कालवलेली हळद होती. दोन्ही तळवे त्यात बुडवले, खाली बसली, आणि फोटोबायच्या दोन्ही गालांना भरभरून लावली. कपाळाला लावली, हनुवटीला लावली, तळहात उघडून त्यांना लावली. मग तोंडाजवळ वाकली आणि त्या भोंग्याच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आता पूस बगू."